मुलीचा शनिवारचा पगार

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर किराण्याच्या याद्यांपलीकडे काही लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर चढतील, त्याची आधीच माफी मागते. कोणाकडे मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. मुलीच्या शाळेची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. नावं मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणाच्या हाती लागली तर उगाच नको.

मी आयर्लंडला आले ती २०१४ साली. नवरा चार वर्षं आधी आला होता, एका भारतीय हॉटेलात आचारी म्हणून. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. इथले बाकीचे मराठी लोक बहुतेक डब्लिनला, कंप्युटरवाले नाहीतर डॉक्टर. गणपतीला एकदा गेलो होतो तिकडे. बायका विचारायच्या, "तुम्ही काय करता?" मी म्हणायचे, "घरीच असते," आणि उठून पाण्याचे पेले गोळा करायला लागायचे. आमचं गाव खाली दक्षिणेला, समुद्राजवळ. तिथे मराठी बोलणारं आमचं एकच घर.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. गावाकडे दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी पातेलं आत नेलं नाही. इथे तर सगळे हसून बोलतात. काही विचारा, "ग्रँड" म्हणतात, म्हणजे छान. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मग खरं काय ते कळायचं कसं?

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक पाव-केकचं दुकान होतं. तिथल्या बायका पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं, नर्सा असतील. पायघोळ झगे, सगळ्यांचे एकाच कापाचे, डोक्यावर पांढरी पातळ टोपी, तोंडाला पावडरसुद्धा नाही. नवऱ्याने हॉटेलात ऐकलेलं सांगितलं.

"आमिश म्हणतात त्यांना. अमेरिकेतून आलेत. तिकडचे त्यांचे भाऊबंद घोडागाडीने हिंडतात, हे मात्र मोटार चालवतात. घरात टीव्ही नाही, दारू नाही, मुली केस कापत नाहीत."

"टीव्ही नाही तर संध्याकाळी करतात काय?"

"गातात म्हणे सगळे मिळून."

"मग नक्की काहीतरी भानगड आहे," मी म्हणाले.

तरी पाव मी तिथूनच आणायचे. एक कारण म्हणजे तिथे फार बोलावं लागत नसे, बोट दाखवलं की काम व्हायचं. गल्ल्यावरची बाई माझ्याच वयाची असेल. पाववाली बाई असंच मी तिला म्हणायचे, घरात. एकदा तिने पिशवीत एक गोड पाव जास्तीचा टाकला आणि पैसे घेतले नाहीत. मी घरी येऊन तो मधून फोडून बघितला. आत बेदाणे होते. खाल्ला नाही, खिडकीत पक्ष्यांना ठेवला.

इथे दहावीसारखी परीक्षा झाली की पुढचं एक वर्ष मुलांना मोकळं देतात. अभ्यास थोडा, सहली फार, आणि दोन आठवडे कुठेतरी काम शिकायला जायचं. आमच्या मुलीने ते पाव-केकचं दुकान धरलं. २०१७ चा मार्च असेल. मी नको म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं, पीठ मळायला शिकेल, बापाच्या कामाला येईल." दोन आठवडे झाले आणि पाववाल्या बाईने तिला दर शनिवारी यायला सांगितलं, पगारावर. दिवसाचे पन्नास युरो, पाकिटात घालून.

पाववाल्या बाईची एक मुलगी आमच्या मुलीच्या बरोबरीची. पंधराव्या वर्षी शाळा संपवून ती दुकानात लागली होती. त्यांच्यात तेवढंच शिकवतात म्हणे. हे ऐकून मला कसंतरी झालं. मला शाळेतून काढलं तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. ही मुलगी मात्र गुणगुणत पावाला लोणी लावत असायची. मी तिच्याकडे बघत राहायचे, कधीतरी डोळे पुसेल म्हणून. एकदाही पुसले नाहीत. याचाही मला संशयच आला.

एका शनिवारी मी मुलीला घ्यायला लवकर गेले. पगार वाटणं चाललं होतं. आमच्या मुलीने पाकीट जीन्सच्या खिशात घातलं. त्या मुलीने आपलं पाकीट तसंच, न फोडता, मागे गाडीत खोकी भरणाऱ्या बापाला नेऊन दिलं. त्यानेही न बघता खिशात टाकलं आणि पुढचं खोकं उचललं.

बसमध्ये मी मुलीला विचारलं, "तिने ते पाकीट बापाला का दिलं?"

"देतातच ते. एकवीस वर्षांची होईपर्यंत. मग तिचं तिला."

"सगळा पगार?"

"सगळा."

त्या लोकांचं मला आवडलेलं हे पहिलं. आमच्या मुलीच्या वर्गातल्या मुली पगाराचं काय करायच्या ते मला माहीत होतं. प्लास्टिकची नखं, तोंडाला फासायचा मुलामा, आणि शुक्रवारी शेतात बसून चोरून प्यायची सफरचंदाची दारू. एकीच्या आईने मला अभिमानाने सांगितलं होतं, "ती कमावते, तिचं ती बघते." सोळा वर्षांची पोर तिचं ती काय बघणार?

"पुढच्या शनिवारपासून तुझं पाकीट माझ्याकडे द्यायचं," मी म्हणाले.

मुलगी इंग्रजीत बोलते, तेही इथल्या हेलात. मराठी समजतं, पण तोंडातून येत नाही. तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

"का?"

"तुझ्या मैत्रिणीचा बाप घेतो ना?"

"ते आमिश आहेत, आई!"

"आणि आपण कोण आहोत?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. आपण कोण ते खरं तर मलाही माहीत नव्हतं. पण पाकीट मिळायला लागलं.

भांडी ठेवायच्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये डाळींच्या मागे एक डबा होता, त्यात मी ती पाकिटं ठेवायचे. डिसेंबरात भाचीच्या लग्नाला गावी गेले तेव्हा डब्यात एक हजार सातशे चाळीस युरो होते, त्यातलं एक पाकीट लवकर सुटलेल्या दिवसाचं, चाळीसचं. ते मी बरोबर नेले आणि सराफाकडून चार बांगड्या केल्या, प्रत्येकी तोळ्याच्या. मुलीच्या पैशाचं मुलीसाठी सोनं. माझ्या आईने हेच केलं असतं, तिच्या आईनेही. मुलीला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सांगितलंही नाही. लग्न ठरेल तेव्हा काढू, असं ठरवून बांगड्या त्याच डब्यात ठेवल्या.

जानेवारीत मुलीने सहलीसाठी दोनशे युरो मागितले. शाळेची सहल स्पेनला चालली होती.

"सहलीला कशाला पैसे घालवायचे? तुझे जपून ठेवलेत."

"कुठे?"

"आहेत. आईवर विश्वास नाही का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर माझी होती, दुधात बोट घालतानाची. तेव्हा मला ते कळलं नाही.

त्यानंतर पाकिटात पन्नासच्या जागी तीस यायला लागले. ती म्हणाली, काम कमी झालंय. मी दोन शनिवार बस थांब्यावर उभं राहून बघितलं. ती सकाळी त्याच वेळेला आत जायची आणि संध्याकाळी त्याच वेळेला बाहेर यायची. मग वीस युरो जातात कुठे? रविवारी संध्याकाळी ती आता मैत्रिणीकडे गाणं ऐकायला जायची. मी मनाशी हिशेब जुळवला. ते लोक पोरीला ओढताहेत. देणगी घेताहेत तिच्याकडून. एक दिवस ही टोपी घालून घरी येईल आणि मला म्हणेल, आता मी त्यांच्यातली.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "अगं, ती सकाळी आंघोळीला उठत नाही, चर्चला कुठली उठते?"

"तुम्ही हसा. मागून रडाल."

मी तिची बॅग तपासायला लागले. एक इंग्रजी पुस्तक सापडलं, काळ्या पुठ्ठ्याचं. बायबल समजून मी ते दोन दिवस लपवून ठेवलं. शेवटी नवऱ्याने बघितलं तर ते गणितातले तक्ते होते, शाळेचे.

मग एका रविवारी मी स्वतःच गेले. मुलीला म्हणाले, मलाही गाणं ऐकायचंय. तिने डोळे फिरवले, पण नेलं. साधी खोली, बाकं, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. मी पदर डोक्यावर घेऊन शेवटच्या बाकावर बसले आणि कोण आमच्या मुलीशी काय बोलतंय ते बघत राहिले. कोणी काही बोललं नाही. उलट एक गोष्ट दिसली. पाववाली बाईसुद्धा गाताना सारखी आमच्या मुलीकडे बघत होती. मी तिच्या मुलीकडे बघते तशी. मुलीच्या खिशातल्या फोनकडे, जीन्सकडे, स्वतःच्या मुलीच्या खांद्याला लागलेल्या तिच्या खांद्याकडे.

मार्चअखेरीला एका मंगळवारी दुपारी दाराची घंटा वाजली. पाववाली बाई उभी होती, एकटीच. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती. मी घाबरले. मला वाटलं, आता मागणी घालायला आली, मुलगी आमच्या धर्मात द्या म्हणून. चहा केला. तिने चहा घेतला नाही, टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"यात दोनशे चाळीस युरो आहेत," ती म्हणाली. सावकाश बोलायची, त्यामुळे मला बरंचसं समजायचं. "तुमची मुलगी दर आठवड्याला वीस माझ्याकडे ठेवायला द्यायची. मी ठेवले. पण मुलीचे पैसे तिच्या आईपासून लपवून ठेवणं आमच्यात बसत नाही. मला झोप लागत नाही."

मुलीने दप्तर खाली टाकलं. "तुम्ही सांगणार नाही म्हणाला होतात."

"मी चुकीचं म्हणाले होते."

माझ्या अंगात बळ आलं. "बघा!" मी म्हणाले. "चोरी! स्वतःच्या आईकडून! अहो, तुमची मुलगी पाकीट फोडतसुद्धा नाही, आणि ही..."

"माझेच पैसे मी कसे चोरेन?" मुलगी ओरडली. "बाकीचे कुठे आहेत? ते सांग आधी. सगळे कुठे आहेत?"

पाववाली बाई माझ्याकडे बघत होती. मी उठले, प्रेस उघडला, डाळी बाजूला केल्या आणि बांगड्या आणून टेबलावर ठेवल्या. मला खरंच वाटलं होतं, बघून ती विरघळेल.

"हे काय आहे?"

"तुझ्या लग्नाचं."

"माझ्या कुठल्या लग्नाचं?" तिला रडू फुटलं. "मला नर्सिंगला जायचंय, आई. दुसऱ्या गावात खोली घ्यावी लागेल. त्याची आगाऊ रक्कम कोण भरणार? म्हणून मी वर्षभर शनिवारी पाव कापतेय. तू मला विचारलं होतंस?"

मी पाववाल्या बाईकडे वळले. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. "तुमच्यात बाप घेतो ना मुलीचा सगळा पगार?"

"घेतो," ती म्हणाली. "वही मात्र जेवणाच्या टेबलावर असते. कुठे किती गेलं ते मुलगी रोज बघते. एकविसाव्या वर्षी तिला किती मिळणार, शिवणयंत्र मिळणार की गाय, तेही तिला माहीत आहे."

गाय म्हणाली तेव्हा आमची मुलगी रडता रडता हसली. मग ती बाई उठली आणि जायच्या आधी म्हणाली, "राग मानू नका. तुमची मुलगी शनिवारी आली नाही तर बरं. माझी मुलगी तिच्या फोनमध्ये बघत बसते. तिने आमच्यात राहायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. ते तिनेच ठरवायचं असतं, आम्हाला सांगता येत नाही. मला भीती वाटते."

वर्षभर मला हेच हवं होतं, की मुलीचं तिथे जाणं सुटावं. पण तोंडातून निघालं, "माझ्या मुलीत काय वाईट आहे?" ते मराठीत निघालं, त्यामुळे तिला कळलं नाही. मुलीला कळलं.

जानेवारीपासूनचे माझ्याकडचे तीस-तीस युरो मी तिला त्याच दिवशी दिले. राहिले एक हजार सातशे चाळीस. नवरा म्हणाला, बांगड्या विकून टाक. शहरात सोनं घेणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडे गेलो. त्याने त्या घासल्या, तोलल्या, भिंगातून बघितल्या आणि इतकी कमी किंमत सांगितली की मी बांगड्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. नवरा दर महिन्याला गावी पैसे पाठवतो, त्याच्याकडे शिल्लक नव्हती. आणि मलाही त्याचे नको होते. घेतले मी होते. मुलीला म्हणाले, "मी देईन परत."

"ग्रँड," ती म्हणाली. म्हणजे तिचा विश्वास नव्हता.

त्यानंतर पाच महिने आम्ही जेवायला एकत्र बसायचो आणि बोलायचो नाही. मी विचारायचे, भात? ती ताट पुढे करायची.

इथे शाळा संपली की मुलामुलींचा नाचाचा एक मोठा समारंभ असतो, डेब्स म्हणतात. लग्नात नवरी नटत नाही एवढ्या मुली त्यात नटतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ओळखीतली एक मुलगी, आमच्या मुलीच्या पुढच्या वर्गातली, समारंभाच्या दोन दिवस आधी लांब झगा घेऊन रडत आली. झगा वीतभर जास्त लांब होता आणि शिंप्याकडे वेळ नव्हता.

आमची मुलगी माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "माझी आई करेल."

गावी मी साड्यांना फॉल-पिको करायचे. हात बसलेला होता. मी त्या मुलीला खुर्चीवर उभं केलं आणि टाचण्या तोंडात धरून खाली बसले. तिची आईही सोबत होती.

"पाठीला कापड संपलं होतं का?" मी विचारलं. "हिच्या आईला माहीत आहे ना, मागून एवढं उघडं आहे ते?"

आमच्या मुलीने काय भाषांतर केलं कोण जाणे, पण ती बाई खूश झाली आणि वीसच्या जागी तीस युरो देऊन गेली. मी ती नोट उजेडात धरून बघितली. खरी होती. तशीच मुलीच्या हातावर ठेवली.

"एक हजार सातशे दहा राहिले," ती म्हणाली.

मग एकीने दुसरीला सांगितलं. त्या महिन्यात अकरा झगे आले. माझ्या चादरीला उन्हात रापल्यासारखं दिसावं म्हणून त्यांनी अंगाला लावलेला तांबूस रंग लागला, तो अजून निघालेला नाही. नवऱ्याने ओळखीतून जुनं शिवणयंत्र आणलं. वसंतात लहान मुलींचे चर्चच्या विधीचे पांढरे फ्रॉक आले, मधल्या काळात पडदे, शाळेचे स्कर्ट. जे आलं ते त्याच दिवशी मुलीला. ती प्रत्येक वेळी माझ्यासमोर मोजून घ्यायची. मला लागायचं. पण आमची हिशेबाची वहीही आता जेवणाच्या टेबलावर असायची, आणि त्यात ती माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात लिहायची. लिहिता लिहिता बोलायला लागली. कोण कोणाबरोबर नाचणार, कोणाचं मोडलं. मी टाके घालत ऐकायचे आणि प्रत्येक मुलाबद्दल विचारायचे, "पितो का?"

२०१९ च्या उन्हाळ्यात पाववाल्या बाईच्या मुलीने आपण होऊन बाप्तिस्मा मागितला. तिने मैत्रिणीला बोलावलं, मीही गेले. आधी त्यांनी तिला पुन्हा विचारलं, अजून मागे फिरायचं असेल तर फिर. बाहेरच्या गाईंचं ओरडणं ऐकू आलं. मी बघत होते, कोणी तिला कोपराने ढोसतंय का, डोळ्याने खुणावतंय का. कोणी नाही. तिची आई खाली मान घालून बसली होती आणि मांडीवरच्या तिच्या मुठी घट्ट होत्या. मुलगी हो म्हणाली. तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. मला काही ते पूर्ण पटलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला काय कळतं जन्माचं? पण माझ्या आयुष्यात मला कोणी एकदाही विचारलेलं नाही, हेही तिथेच बसल्या बसल्या मनात आलं.

पुढच्या महिन्यात आमच्या मुलीचा निकाल लागला. कासलबारला नर्सिंगला जागा मिळाली. तिच्या डेब्सचा झगा मी शिवला, पाठीला दोन बोटं कापड जास्त. तिला वाटलं मला मोजता आलं नाही.

बांगड्यांचं काय, मी विचारलं.

"पैसे तू देतेयस, मग बांगड्या तुझ्या," ती म्हणाली. "मला लग्नच करायचंय की नाही ते अजून मी ठरवलेलं नाही."

"म्हणजे कोणी आहे का?"

"आई!"

सप्टेंबरात ती निघाली. तिला द्यायचे पंचावन्न युरो राहिले होते. सकाळी शेवटचे दोन स्कर्ट आणि एक पडदा देऊन आले, साठ मिळाले. बस थांब्यावर तिच्या बापाने बॅगा चढवल्या. मी पंचावन्न तिच्या हातावर ठेवले आणि पाच माझ्या पर्समध्ये. तिने बसच्या दारात उभं राहून मोजले, मागे लोक खोळंबले होते तरी. मग वही काढली, शेवटच्या आकड्याखाली रेघ मारली आणि ते पान मला दाखवलं. सगळे फिटले होते.